भाजी लपवू नका, मुलांच्या ओळखीची करा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या डब्याचं जे पान येतं ते मी नेहमी वाचते आणि माझ्याकडे येणाऱ्या आयांना पण वाचायला देते, पण गेले काही महिने त्यात एकच प्रकार सारखा दिसतोय म्हणून हे पत्र लिहायला बसले. पालक मिक्सरला लावून पास्त्याच्या सॉसमधे, दुधी किसून चॉकलेट केकमधे, गाजर-फ्लॉवर वाफवून चीजच्या थराखाली, आणि शेवटी ठळक अक्षरात की मुलांना भाजी खाल्लेली कळणारच नाही. मला हे "कळणारच नाही" फार खटकतं. कळायला हवं ना त्यांना! ज्या पोराला आपण काय खाल्लं हेच माहीत नाही ते उद्या ताटातली पालकाची भाजी बघून हात कसा पुढे करणार.

मी ऐरोलीला पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली. दीड वर्षापासून ते चौथी-पाचवीपर्यंतची मुलं असतात, मोठी शाळेतून थेट माझ्याकडे येतात आणि इथेच जेवतात. घरं सगळ्या तऱ्हेची आहेत, इथले मूळचे आगरी-कोळी, मालवणी, देशावरचे, गुजराती, तमिळ, आणि माझ्याकडचं जेवण शाकाहारी, कारण ते सगळ्यांना चाललं पाहिजे. त्यामुळे ज्यांच्या घरी रोज मासळी त्या आया पहिल्याच दिवशी सांगतात की मावशी, हा सुकटीशिवाय भाताला हात लावत नाही, आणि श्रावण आला की त्यांची काळजी दुप्पट होते. पण ज्यांच्या घरी आजी-आजोबांपासून शाकाहार त्या पण हेच सांगतात की हिला फक्त बटाटा आणि चीज चालतं. म्हणजे शाकाहारी घरात जन्माला आलं म्हणून भाजी आवडते असं काही नसतं, दोन्हीकडच्या मुलांना ती शिकावीच लागते.

आधी आयांना एक धीर द्यायचाय. दोन ते सहा वर्षाच्या मुलांनी नवीन पदार्थाला नाही म्हणणं हे अगदी नॉर्मल आहे. मूल चालायला लागलं, दिसेल ते उचलायला लागलं की अनोळखी वस्तू तोंडात घालायची भीती त्याला आपोआप वाटायला लागते, आणि कडू चव तर जन्मापासूनच नकोशी असते कारण निसर्गात विषारी गोष्टी बऱ्याचदा कडू असतात. दुसरं म्हणजे पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि पुढे मात्र वर्षाला साधारण दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक कमी होणारच की. पण नेमकं याच वेळेला घरातली सगळी मंडळी घाबरतात, पोरगं जेवत नाही, पोरगं जेवत नाही, आणि वाटीभर बिस्किटं, दोन-तीन मोठे कप दूध, केळं, परत दूध असं दिवसभर पोटात जात राहतं, मग दुपारी दीड वाजता ताटासमोर बसलेल्या मुलाला भूक कुठून असणार. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध पिणारी मुलं जेवणही कमी करतात आणि त्यांचं लोहही कमी पडतं. मी आयांना पहिली गोष्ट हीच सांगते की जेवणाच्या आधीचे दोन तास पाण्याशिवाय काही देऊ नका, भाजीचं नंतर बघू.

आता ओळखीबद्दल. मुलांच्या खाण्यावर अभ्यास करणाऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलंय की एखादा नवीन पदार्थ मूल स्वीकारेपर्यंत तो आठ ते पंधरा वेळा त्याच्यासमोर यावा लागतो, आणि घरात काय होतं तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला आपण शिक्का मारतो की याला भोपळा आवडत नाही आणि मग तो भोपळा त्या घरात परत येतच नाही. माझ्याकडे नवीन मूल येतं तेव्हा पहिले काही दिवस दाराशी उभं राहून रडतं, मग लांब बसून बाकीच्यांना बघतं, मग एक दिवस आपणहून मांडीवर येऊन बसतं, भाजीचं अगदी तसंच आहे. आधी नुसती ताटात दिसू दे, मग बोटाने दाबून बघेल, वास घेईल, जिभेला लावून परत काढून ठेवेल, काढून ठेवलं तरी चालेल, ओरडायचं नाही. एक घास इतकुसा, नखाएवढा वाढायचा. वाटीभर गवार बघून मोठ्या माणसालाही नको वाटेल.

मिक्सरमधे वाटून घातलेल्या भाजीने यातलं काहीच होत नाही. रंग नाही, आकार नाही, चव तर चीजची. पोटात चार चमचे पालक गेला हे खरं, ज्या मुलाचं वजनच भरत नाही त्याच्यासाठी तात्पुरतं करावं लागलं तर मी समजू शकते, पण रोजचा मार्ग म्हणून तो मला पटत नाही. आणि एखाद्या दिवशी त्याला कळतंच, पोरं हुशार असतात, मग ते केककडे पण संशयाने बघायला लागतं. कोथिंबीर वडी, दुधीचे मुठिये, मेथीचे ठेपले, पालकाची भजी हे वेगळं हां, तिथे कोणी काही लपवत नाही, नावातच भाजी आहे आणि हिरवा रंग समोर दिसतोय. ते भरपूर करा.

एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या एक आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी एक वाटणी सांगितलीय जी मला फार उपयोगी पडली. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं किती खायचं, खायचं की नाही हे मुलाने ठरवायचं. वाचायला सोपं आहे पण आपल्या घरात बरोब्बर उलटं चालतं, काय हवंय बाळा असं मुलाला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो, ताट संपवच म्हणून मागे लागतो. माझ्याकडे सगळ्यांना एकाच वेळी एकाच पंगतीत बसवते, वरण-भात, पोळी, एक भाजी, एक कोशिंबीर किंवा लोणच्याची फोड, आणि प्रत्येकाला ओळखीचं असं काहीतरी एक ताटात असतंच म्हणजे कोणी उपाशी राहत नाही. भाजी नको तर नको म्हण, पण दुसरं काही करून मिळणार नाही, मॅगी नाही, जॅम नाही. संध्याकाळी पाचला परत खायला मिळेल हे त्यांना माहीत असतं. आया विचारतात मावशी हा तुमच्याकडे दोडका खातो मग घरी का नाही, तर शेजारचा मुलगा खातोय हे बघून तो खातो, माझ्या हाताला काही जादू नाहीये. चार वर्षाच्या मुलावर आईच्या शंभर विनवण्यांपेक्षा पाच वर्षाच्या ताईने मागून घेतलेल्या वाढीचा परिणाम जास्त होतो.

दोन गोष्टी मात्र मला अजिबात चालत नाहीत. एक म्हणजे भाजी संपव मग चॉकलेट देते. यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही काहीतरी वाईट गोष्ट आहे जिच्यासाठी बक्षीस द्यावं लागतं, आणि बक्षीस बंद झालं की भाजी आधीपेक्षा जास्त नकोशी होते. दुसरं मोबाईल. समोर कार्टून लावून घास भरवला की मूल तोंड उघडतं, गिळतं, पण काय खाल्लं ते त्याला माहीत नाही आणि पोट भरलं तेही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे सांगितलंय की दोन ते चार वर्षाच्या मुलांना दिवसभरात एक तासाच्या वर स्क्रीन नको आणि एक वर्षाच्या आतल्यांना अजिबातच नको, आणि आपल्याकडे जेवणाचेच तीन तास स्क्रीनसमोर जातात. नोकरी करून आठ वाजता ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी आलेल्या आईला हे बोलणं सोपं नाही मला माहितीये, ती दमलेली असते, तिला वाटतं दोन घास पोटात गेले तर झोपेल तरी. म्हणून मी सांगते सगळी जेवणं नको, रात्रीचं एकच जेवण ठरवा, मोबाईल बाजूला, घरात असतील तेवढे सगळे एकत्र, वीस-पंचवीस मिनिटं, संपलं की ताट उचला.

आणि बाबा लोकांना पण सांगायचंय. बाबा वांगं बाजूला काढून ठेवतात हे पोरगं रोज बघतं. आईने कितीही सांगू दे, घरात बाबा जे खात नाहीत ते न खाण्याची परवानगी आहे असंच त्याला वाटणार, त्यामुळे निदान मुलांसमोर तरी दोन घास खा, तोंड वाकडं न करता.

आता ज्यात खरी मजा आहे ते सांगते. मुलांचे हात भाजीला लागले पाहिजेत. थंडीत मटार स्वस्त झाले की मी मोठं पातेलं मधे ठेवून सगळ्यांना सोलायला बसवते, पातेल्यात अर्धे पडतात आणि अर्धे तोंडात जातात, जाऊ दे की! (अगदी लहानांना अख्खे दाणे देत नाही, घशात अडकतात, त्यांना चेचून देते.) मटार ताजे असतानाच गोड लागतात कारण तोडल्यानंतर त्यांच्यातल्या साखरेचा हळूहळू स्टार्च होत जातो, म्हणून मार्केटमधून आणले की त्याच दिवशी सोलायचे. वालाचं तर विचारू नका. कडवे वाल रात्री भिजवले, सकाळी फडक्यात बांधून मोड आणले की नंतर कोमट पाण्यात टाकायचे, साल सुटतं आणि बोटात नुसतं दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर उडी मारते, मुलं तासभर हेच करत बसतात, ज्याने त्याने आपल्या डाळिंब्या मोजून ठेवायच्या आणि मग त्याच वालाचं बिरडं नारळाचं दूध, गूळ, आमसूल घालून केलं की आपल्या डाळिंब्या शोधून शोधून खातात. कडवट चवीचे वाल आहेत हे, तरी खातात, कारण सोलले त्यांनी. पनवेल-उरणकडे कोणाचं शेत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत मुलांना पोपटी दाखवायला न्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे-रताळी भरून मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात, चिकन-अंडी घालतात बरेचजण पण नुसत्या शेंगांची पोपटी पण सुंदर लागते. त्या गरम शेंगा दातात धरून ओढून खायला शिकलेलं मूल वालाला परत नाही म्हणणार नाही.

लाल माठ आमच्याकडे हिट आहे कारण भात गुलाबी होतो. लसूण आणि खोबरं घालून परतायचा, थोडा रस ठेवायचा, आणि भातात कालवायचं काम मुलांना स्वतःला करू द्यायचं. बीटाच्या कोशिंबिरीचं पण तेच, दही गुलाबी होतं. भेंडी बुळबुळीत झाली की कोणीच खात नाही, ती धुवून पूर्ण कोरडी करून उभी पातळ चिरायची, झाकण ठेवायचं नाही आणि मीठ शेवटी, कुरकुरीत झाली की पोळीशिवाय नुसती संपते. गवार-फरसबीच्या शिरा काढायचा कंटाळा करू नका, मुलांना चव नको असते असं आपण म्हणतो पण बऱ्याचदा दातात अडकणारी शीर नको असते. पडवळाच्या चकत्या डाळ घालून. भोपळा, लाल, सालासकट, गूळ आणि मेथीदाण्याची फोडणी. कारलं मी लहानांना सुरुवातीला देत नाही, काप तळून मोठ्यांच्या ताटात दिसतात तेवढं पुरे, मागतील तेव्हा देते.

शेजारच्याचा डबा हा पण मोठा शिक्षक आहे. तमिळ मुलीच्या सांबारातली शेवग्याची शेंग चोखायला माझ्याकडची अख्खी पंगत शिकली, आणि ती मुलगी आता थालीपीठ मागून घेते. हांडवो, पुट्टू, घावणे, सगळं फिरतं.

पोषणाचं थोडक्यात सांगते कारण शाकाहारी घरात हे कळणं गरजेचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षातल्या ६७.१ टक्के मुलांमधे रक्ताची कमतरता दिसली, म्हणजे हा प्रश्न सगळ्याच घरांचा आहे. पण पालेभाजी-कडधान्यातलं लोह मटण-मासळीतल्या लोहासारखं सहज अंगी लागत नाही, त्याला सी व्हिटॅमिनची सोबत लागते, म्हणून उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळायचं, गॅस बंद केल्यावर पिळायचं कारण शिजवताना ते व्हिटॅमिन कमी होतं. जेवणानंतर पेरूची फोड, आवळा, टोमॅटोची कोशिंबीर यातलं काहीतरी. जेवणाच्या आसपास चहा मुलांना नकोच, कितीजणांकडे चहा-बिस्किट चालतं मी बघते. आमटी, टोमॅटोचं सार असं आंबट काही लोखंडी कढईत शिजवलं तर त्यात लोह उतरतं, शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं. मोड आणल्याने कडधान्य पचायलाही हलकं होतं आणि लोह पण जास्त मिळतं. वरण-भाताला कोणी साधं म्हणू नका, तांदळात जे अमिनो ॲसिड कमी असतं ते डाळीत आहे आणि डाळीत जे कमी ते तांदळात. नाचणीच्या १०० ग्रॅममधे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमधे इतकं दुसऱ्या कशात नाही, नाचणीची भाकरी नको असेल तर आंबिल किंवा धिरडं करा. बी १२ मात्र झाडपाल्यात मिळत नाही, ते दूध-दही-ताक-पनीरमधून यायला हवं आणि दूधदुभतंही न खाणाऱ्या घरांनी डॉक्टरांना विचारून गोळी-औषध द्यावंच. आणि १० फेब्रुवारी, १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नका, काही पालक त्या दिवशी मुद्दाम मुलाला घरी ठेवतात, तसं करू नका.

सगळीच मुलं नखरे म्हणून नाही म्हणतात असं पण नाही. वजन थांबलंय किंवा उतरतंय, मऊ-कडक ठराविक पदार्थ तोंडात गेला की दरवेळी उलटी काढतं, चार-पाच पदार्थांच्या पलीकडे काहीच खात नाही, किंवा माती, खडू, भिंतीचा चुना खातंय, तर घरगुती उपाय बंद आणि बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. माती-खडू खाण्याचा लोहाच्या कमतरतेशी बऱ्याचदा संबंध असतो.

शाळांबद्दल माझी विनंती तुमच्या पेपरमधून पोचावी अशी इच्छा आहे. कितीतरी शाळांत डब्याची सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, त्यात हात धुवायला रांग, पाणी भरायचं, बाथरूमला जायचं आणि बाईंनी डबा संपलाच पाहिजे म्हणून बजावलेलं, मग आई असंच देणार ना जे पाच मिनिटात गिळता येतं, जॅम-ब्रेड, चिप्स, क्रीमचं बिस्किट. पोळी-भाजी चावायला वेळ लागतो. सुट्टी निदान अर्धा तास करा. काही शाळा वारानुसार डबा ठरवून देतात, सोमवारी पालेभाजी, मंगळवारी उसळ असं, हे मला फार आवडलंय कारण वर्गात सगळ्यांच्या डब्यात तेच असलं की कोणी कोणाला चिडवत नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे, आणि सीबीएसईने मे २०२५ मधे शाळांना साखरेची माहिती देणारे शुगर बोर्ड लावायला सांगितलं. बोर्ड लावलेत छान आहे, पण आमच्या भागात शाळा सुटताना गेटसमोर काय विकतात ते येऊन बघा. पालक सभेत हा विषय काढायला हवा, महापालिकेनेही बघायला हवं.

आणि तुम्हाला विनंती अशी की पुरवणीतलं ते पान बदला. चीज आणि सॉसच्या रेसिपी बाकी सगळीकडे मिळतात. त्याऐवजी दर आठवड्याला एक मोसमातली भाजी घ्या, तिचा मोठा फोटो छापा म्हणजे मुलं बघतील, ती कुठून येते, कोण पिकवतं, घरात मुलांनी तिच्याबरोबर काय काम करायचं, सोलायचं, निवडायचं, तोडायचं की धुवायचं, आणि मग साधी घरगुती कृती. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या बायका ठाणे स्टेशनच्या आसपास शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन बसतात, त्यांच्याकडे मुलांना घेऊन जा म्हणून लिहा, शेवळाची खाज काढायला काकडं (रानातली आंबट फळं) का घालतात ते त्याच चांगलं सांगतील. कृती तपासून बघायच्या असतील तर माझ्याकडची पोरं रोज दुपारी सव्वाला जेवायला बसतात, तुमच्या पुरवणीच्या बाईंना कधीही पाठवा, ताट वाढलेलं असेल.

कळावे,
पाळणाघर चालवणारी तुमची एक वाचक
ऐरोली, नवी मुंबई